तिसऱ्या भागातली विधवा

सासरेबुवांनी पाव कापायच्या सुरीने पुस्तकाचे पाच तुकडे केले, सुरी पँटला पुसली आणि त्याच सुरीने पाव कापायला घेतला. दोन्हींचे तुकडे टेबलावर शेजारी शेजारी पडले होते आणि त्यातला पाव मला नक्की संपवता येईल, एवढीच त्या क्षणी माझी खात्री होती.

ईस्टरला आमच्या नॉर्वेत सगळा देश डोंगरातल्या लाकडी घरांत जाऊन बसतो, संत्री सोलतो आणि खुनाच्या कादंबऱ्या वाचतो. का, ते कुणी विचारत नाही. त्या आठवड्यात दुधाच्या खोक्यावरसुद्धा एक छोटासा खून छापलेला असतो, म्हणजे कॉफीत दूध ओतता ओतता माणसाला एखादा मुडदा मिळावा.

पण एकच पुस्तक आणून ते पाच जणांत कापायचं, ही पद्धत फक्त माझ्या सासरची. सिग्नेच्या आजोबांच्या काळी सगळं सामान पाठीवर घेऊन स्कीवरून यावं लागे. त्यांनी एका बाजूला पाच पुस्तकांचं वजन ठेवलं, दुसऱ्या बाजूला एका पुस्तकावरून होणारी भांडणं ठेवली आणि सुरी उचलली. पहिला माणूस पहिला भाग वाचून दुसऱ्याला देतो आणि आपण दुसरा भाग घेतो. दुसरा तिसऱ्याला देतो. बांधकामावर विटा जातात तसे भाग हातोहात पुढे सरकतात. शेवटचं प्रकरण आधीच काढून बिस्किटांच्या डब्यात बंद. शनिवारी दुपारचं जेवण झालं की प्रत्येकाने आपापला खुनी जाहीर करायचा आणि मग डबा उघडून ते प्रकरण मोठ्याने वाचायचं. तोवर गोष्टीबद्दल अवाक्षर नाही.

रांगेत पहिले सासरेबुवा, हाल्वर. त्यांनी सरकारी नोकरीत आयुष्यभर बोगदे खणले, त्यामुळे मध्येच थांबणारा माणूस त्यांना समजत नाही. दुसरा त्यांचा मुलगा त्रिग्वे. तो वकील आहे आणि मला 'दाजी' म्हणताना एखाद्या आरोपीचं नाव पुकारावं तसा म्हणतो. तिसरा मी, आमुंड. चौथी माझी बायको सिग्ने. आणि शेवटची तुरिद, सासरेबुवांची थोरली बहीण, जिला सिग्नेचं बघून मीही आत्या म्हणतो.

लग्नाआधीही मी इथे ईस्टरला आलो होतो, पण तेव्हा मला रांगेबाहेर ठेवून लाकडं फोडायला दिली होती. मी खूश होतो. यंदा लग्न झालं आणि मला एकदम तिसरी जागा मिळाली. सासरेबुवांनी खांद्यावर हात ठेवून सांगितलं, "जावईबापू, आता तुम्ही घरचे." मला त्यांना सांगता आलं नाही की लाकडंच बरी होती.

कारण मला वाचता येत नव्हतं. म्हणजे अक्षरओळख आहे. लहानपणी मी जेवताना वाचायचो, चालताना वाचायचो, एकदा सायकलवर वाचत होतो त्याची खूण हनुवटीवर आहे. पण अलीकडे ओळीच्या सुरुवातीला मी असतो आणि ओळीच्या शेवटाला फक्त माझे डोळे पोचतात. मी मध्येच कुठेतरी उतरून गेलेलो असतो. तक्रार करायलाही मला तोंड नाही, कारण लोकांच्या फोनवर ॲपकडून 'बरेच दिवस दिसला नाहीत' असे जे निरोप येतात ना, ते लिहायचा मला पगार मिळतो.

हे सगळं एरवी चेष्टेवारी नेता आलं असतं. पण यंदा तुरिद आत्या शेजाऱ्यांच्या बर्फावरच्या स्कूटरमागे बांधलेल्या घसरगाडीत बसून आली. ताठ बसलेली, मांडीवर पर्स, एखादं पार्सल स्वतःची पावती घेऊन यावं तशी. तिच्या खुब्याचे दोन्ही सांधे बदलून झालेत. पहिल्याच रात्री जेवताना तिने जाहीर केलं, "हा माझा इथला शेवटचा ईस्टर. मरत नाहीये. फक्त येत नाहीये."

"असं काय बोलतेस," सासरेबुवा म्हणाले.

"त्या गाडीतून तू ये एकदा, मग सांग. एक शेवटचा खुनी पकडते आणि खाली जाते. खाली टीव्हीवर पुष्कळ खुनी आहेत."

आत्या खुनी ओळखण्यात पटाईत. बाकीचे अंदाज करतात, ती निकाल देते. त्यासाठी तिला शनिवारी दुपारच्या आत सगळे भाग हातात पडायला हवेत. आणि तिच्या आणि पुस्तकाच्या मध्ये मी बसलो होतो.

पुस्तकाची सुरुवात चांगली होती. एका किनाऱ्यावरच्या गावात कॉड मासे वाळत घालायच्या मांडवावर माशांचा व्यापारी उलटा लटकलेला सापडतो. मी एवढं वाचलं आणि मनात आलं, मांडव किती उंच असेल? आमच्या घरामागच्या लाकडांच्या छपराएवढा? त्या छपराचं दार मी लावलं का? दार नीट बसत नाही, बिजागरी बदलायला हवी. बिजागरी कुठे मिळते? मी पान उलटलं तेव्हा एक बाई रडत होती आणि ती कोण हे मला माहीत नव्हतं. परत पहिली ओळ. व्यापारी परत लटकला.

त्या बिचाऱ्याला मी बुधवारी दिवसभर लटकवत होतो.

दुपारी त्रिग्वे आला आणि त्याने दुसरा भाग माझ्या गुडघ्याजवळ ठेवला. "दाजी, घ्या."

"ठेवा."

"पहिला चालूच आहे?"

"चवीने वाचतोय."

"चवीने," त्रिग्वे म्हणाला आणि स्की घेऊन उतारावर निघून गेला.

सिग्ने समोरच्या बाकावर रिकामी बसली होती. ती वेगाने वाचणारी बाई. वाचायला काही नसलं की तिचा स्वभाव बिघडतो. तिने सूपच्या पाकिटाची मागची बाजू वाचली. मग आगपेटी वाचली.

"ह्या सूपमध्ये सेलरी आहे," ती म्हणाली. "तुला माहीत होतं?"

"नाही."

"मलाही नव्हतं. आता आहे. किती राहिलंय तुझं?"

"बरंच."

"सकाळीपण बरंच होतं."

"तेच बरंच आहे अजून."

तिच्या पलीकडे खिडकीशी आत्या हात मांडीवर ठेवून बर्फाकडे बघत होती. ती रागावली असती तर बरं झालं असतं.

मग मी उपाय सुरू केले. उभं राहून वाचलं. चालत वाचलं, तर चुलीवरच्या किटलीला धडकलो. बाहेरच्या संडासात जाऊन वाचलं, की तिथे थंडी इतकी आहे की माणूस निदान जागा तरी राहील. जागा राहिलो. पण मन सगळं थंडीतच गुंतलं. व्यापाऱ्याला थंडी वाजत असेल का, त्याला आता वाजून काय उपयोग, असा विचार करत मी इतका वेळ आत होतो की सासरेबुवांनी दार ठोकलं.

"जावईबापू, पोट बरं आहे ना?"

"वाचतोय."

"तिथे?"

"शांत आहे."

मग ते म्हणाले, "बोगद्यात एक माणूस थांबला की त्याच्या मागचे सगळे थांबतात." आणि बर्फ करकरवत निघून गेले. बाहेर पडलो तेव्हा माझ्या पायांना संवेदना नव्हती आणि मी फक्त अर्धं पान पुढे गेलो होतो.

उपाय शेवटी सिग्नेने काढला. तिने दुधाचं रिकामं खोकं घेतलं, पानाएवढा पुठ्ठा कापला आणि त्यात मधोमध एक बारीक खाच पाडली. पुठ्ठा पानावर ठेवायचा, खाचेतून एकच ओळ दिसते, बाकीचं पान झाकलेलं. ओळ संपली की पुठ्ठा खाली सरकवायचा.

"घोड्याला झापडं लावतात तसं," ती म्हणाली.

"घोडा वाचतो का?"

"घोड्याच्या मागे रांग नसते."

पण खरंच, उपाय लागू पडला. एकेक ओळ. मन पळालं तरी पळून जाणार कुठे, शेजारी दुसरी ओळच नव्हती. पळालं की मी पुठ्ठा तसाच धरून ठेवायचो, ते परत यायचं, मग तीच ओळ पुन्हा. एकेका वाक्याला मी इतक्या भेटी दिल्या की काही वाक्यं मला तोंडपाठ झाली. असं करत गुरुवारी मी पहिले दोन्ही भाग पुढे सरकवले. सिग्नेने ते घटाघटा वाचले, आत्याकडे दिले, आणि आत्या खिडकीशी चष्मा लावून बसली तेव्हा मला देशाची सेवा केल्यासारखं वाटलं.

शुक्रवारी सकाळी तिसरा भाग माझ्या हातात आला. त्रिग्वे देताना हळूच म्हणाला, "जबरदस्त आहे. विधवेवर लक्ष ठेवा."

"अवाक्षर नाही," सासरेबुवा चुलीजवळून म्हणाले.

मी विधवेवर लक्ष ठेवलं. निरीक्षक बोटीतून उतरतो, चढावरून व्यापाऱ्याच्या घरी जातो, दार वाजवतो. विधवा दार उघडते, तिचे हात पिठाने भरलेले आहेत. "उशीर केलात," ती म्हणते. त्याला माशाचे वडे वाढते. खुंटीवर मेलेल्या नवऱ्याचा रेनकोट आहे आणि तो ओला आहे. निरीक्षकाला ते दिसतं. कुत्रा भुंकतो. निरीक्षक बाहेर पडतो, धक्क्याकडे जातो. मी पान उलटलं, पुठ्ठा ठेवला, खाच पहिल्या ओळीवर आणली.

निरीक्षक बोटीतून उतरला.

बरं, म्हटलं, परत आला असेल. काहीतरी विसरला असेल. तो चढावरून गेला, त्याने दार वाजवलं. विधवेचे हात पिठाने भरलेले होते. "उशीर केलात," ती म्हणाली.

मी मागचं पान उलटलं होतं आणि मला कळलंसुद्धा नव्हतं. आत्तापर्यंत माझं मन पळायचं, आता बोटंही पळायला लागली. तरी चिकाटीने सगळं परत वाचलं. वडे, रेनकोट, कुत्रा, धक्का. पान उलटलं. आता निरीक्षक एका हॉस्पिटलमध्ये होता आणि त्याचा हात प्लॅस्टरमध्ये होता.

कशाने मोडला?

हे मी वाचलेलं असणार. वाचताना मी कुठेतरी उतरलो असणार आणि मी उतरलेला असताना त्याचा हात मोडला असणार. मागे गेलो. विधवा. पुढे गेलो. विधवा. आणखी पुढे, प्लॅस्टर. मी कुत्र्यावर संशय घेतला. कुत्र्याच्या ओळीवर पुठ्ठा ठेवून मी ती ओळ एकेक शब्द करत वाचली, पण कुत्रा फक्त भुंकला होता. वड्यांवर संशय घेतला. परत मागे. "उशीर केलात," विधवा म्हणाली, आणि ह्या वेळी ती मलाच म्हणाली.

दुपार झाली. माझ्या शेजारी चौथा भाग येऊन पडला होता. मग पाचवाही येऊन पडला. सासरेबुवा आणि त्रिग्वे वाचून मोकळे झाले होते आणि दाराबाहेर स्कीला मेण लावत शिट्ट्या मारत होते. मी गुडघ्याशी कागदाचा ढीग घेऊन बसलेलो, रद्दीवाल्यासारखा.

सिग्ने आली आणि माझ्यासमोर उकिडवी बसली. तिच्या हातात आगपेटी होती. ती बहुतेक तिसऱ्यांदा वाचत होती.

"आमुंड, दे तो."

"झाला नाही."

"सकाळपासून एकाच ठिकाणी आहेस. मी बघतेय. पानं मागे करतोस, पुढे करतोस."

"निरीक्षकाचा हात मोडलाय."

"मग?"

"कसा मोडला ते मला सापडत नाही."

"नसेल सापडत. पुढे दे आणि वाचला म्हण. कुणाला कळणार आहे?"

"मला कळेल."

"तुला काय कळणार आहे, तुला काही कळत नाहीये हाच तर प्रश्न आहे." मग तिचा आवाज खाली आला. "आत्याला उद्या दुपारपर्यंत तीन भाग वाचायचेत. तिचे डोळे आता पूर्वीसारखे राहिले नाहीत. तुझ्या हट्टापायी ती उद्या तोंड मिटून बसणार, आणि तेही शेवटच्या वर्षी."

मी तिन्ही भाग उचलले, पुठ्ठा उचलला आणि आत्याकडे निघालो. माफी मागायची, भाग द्यायचे आणि संध्याकाळपासून लाकडं फोडायची, असं ठरवलं होतं.

आत्या घराच्या दक्षिणेकडच्या भिंतीशी उन्हात बसली होती, पायांवर रेनडिअरचं कातडं, डोळे मिटलेले. शेजारी संत्र्याच्या सालींची छोटी टेकडी.

"आत्या, मला एक सांगायचं होतं."

"आधी बस. उन्हात उभं राहिलं की माझ्यावर सावली पडते."

मी बसलो. "मला वाचता येत नाही."

तिने एक डोळा उघडला. "लग्नातलं भाषण कुणी वाचलं मग?"

"वाचता येतं. डोक्यात राहत नाही. हा तिसरा भाग मी सकाळपासून वाचतोय. विधवा दार उघडते, वडे वाढते. मग ती परत दार उघडते, परत वडे वाढते. मग निरीक्षकाचा हात मोडलेला असतो."

"गोष्ट फोडू नकोस. नियम आहे."

"यात गोष्ट नाहीये, आत्या. हा माझा आजार आहे."

तिने संत्र्याची फोड तोंडात टाकली आणि विचार केला. "मोठ्याने वाच."

"आधी सिग्नेची पाळी आहे."

"सिग्ने तरुण आहे. तिला पुढचे ईस्टर आहेत."

मग मी वाचलं. निरीक्षक उतरला, चढला, दार, पीठ, वडे, रेनकोट, कुत्रा. आत्या ऐकत होती. रेनकोटपाशी ती "अस्सं" म्हणाली. मी पान उलटलं, पुठ्ठा ठेवला आणि निरीक्षक बोटीतून उतरला.

"हे आत्ता वाचलंस."

"तेच तर सांगतोय."

"पान उलट."

"उलटलंय."

"मग पुढचं वाच."

"'उशीर केलात,'" मी वाचलं, "विधवा म्हणाली."

आत्याने हात पुढे करून भाग घेतला, पुठ्ठा उचलून बर्फात ठेवला, चष्मा नाकावर चढवला. पान मागे केलं, पुढे केलं. नखाने पानांचे खालचे कोपरे तपासले.

"हे पुठ्ठ्याचं कशासाठी?"

"एकच ओळ दिसावी म्हणून."

"पानाचा आकडा पण झाकला जातो त्याने."

"आकडा बघितला की किती राहिलंय ते मोजत बसतो मी."

"बरं केलंस. आता बघ." तिने पान माझ्या नाकासमोर धरलं. आकडे पुढे जात जात एकदम मागे आले होते आणि मग त्यांनी तशीच पुढे मोठी उडी मारली होती. "बांधणी करणारे झोपले होते. एकच गठ्ठा दोनदा घातलाय आणि त्याच्या पुढचा घातलाच नाही. तुला काही झालेलं नाही. विधवा खरोखरच दोनदा दार उघडते."

मला इतका आनंद माझ्या लग्नातसुद्धा झाला नव्हता, पण हे मी सिग्नेला सांगितलेलं नाही. सकाळपासून मी पुस्तकात नसलेली पानं शोधत होतो, आणि ती न सापडल्याबद्दल स्वतःला शिव्या देत होतो. मला उठून शेजाऱ्यांना सांगावंसं वाटलं.

आत्या मात्र हसत नव्हती. ती त्या पानांकडे बघत होती. "आमुंड," ती म्हणाली, "तुझ्या आधी हे कुणी वाचलं?"

आम्ही दोघांनीही दाराकडे बघितलं. तिथून शिट्टी ऐकू येत होती.

आत्याने हाक मारली तेव्हा सासरेबुवा हातात मेणाची कांडी घेऊनच आले, मागे त्रिग्वे, त्याच्यामागे सिग्ने.

"हाल्वर, निरीक्षकाचा हात कसा मोडला?"

"कुणाचा?"

सासरेबुवांनी मेणाच्या कांडीकडे बघितलं, जणू तिच्यावर लिहिलेलं असावं.

आत्याने पानं दाखवली. सासरेबुवांनी ती हातात घेतली, बराच वेळ बघितली. "मला वाटलं ती शैली आहे," ते म्हणाले.

"शैली."

"हल्ली लिहितात असं."

"आणि तू?" आत्याने त्रिग्वेकडे मोर्चा वळवला.

"फ्लॅशबॅक असेल असं वाटलं," तो म्हणाला. मग सगळे बघतच राहिले म्हणून त्याने कबूल केलं, "मी प्रत्येक परिच्छेदाची पहिली ओळ वाचतो. ऑफिसची सवय आहे. बाकीचं समोरचा वकील वाचतो."

"आणि मला 'चवीने' म्हणून चिडवत होतास," मी म्हणालो.

"दाजी, मी चिडवलं नाही. मला हेवा वाटला."

आत्या भावाकडेच बघत होती. "इतकी वर्षं मी तुझ्यामागून वाचतेय. पानांवर तुझ्या कॉफीचे डाग असतात. मला वाटायचं, इथे हा दचकला, इथे कप हलला."

"कप असाच हलतो, तुरिद," सासरेबुवा हळू आवाजात म्हणाले. "रिटायर झाल्यापासून माझं लक्ष लागत नाही. मी पानं उलटतो. थोडं थांबून उलटतो, म्हणजे वाटावं."

सासरेबुवांकडे माणसासारखं बघायची माझी ती पहिली वेळ. त्यांच्या मिशीला मेण लागलं होतं.

"मग हे कशाला करतोस दरवर्षी?" आत्याने विचारलं. "सुरी, डबा, रांग."

"तू येतेस म्हणून," ते म्हणाले. "तुला शेवटी खुनी सांगायला आवडतं."

आत्याने संत्र्याची सालं गोळा करायला घेतली. त्याची काहीच गरज नव्हती. पुरेशी गोळा झाल्यावर ती म्हणाली, "रांग मोडली. आता सगळं मोठ्याने वाचायचं, इथे, उन्हात. आमुंड वाचेल."

"मी?"

"ह्या घरात पुस्तक वाचणारा तू एकटाच आहेस. आणि ह्या दोघांना आधीचे भाग सांग. आम्हा बायकांचे वाचून झालेत."

मी सांगितले, आणि चकित झालो. सगळं येत होतं. मांडवाची उंची, रडणारी बाई, तिच्या भावाचं बँकेतलं काम. एकेक ओळ इतक्यांदा वाचली होती की विसरायला जागाच राहिली नव्हती. त्रिग्वे तोंड उघडं टाकून ऐकत होता. सासरेबुवा मध्येच म्हणाले, "फार चांगलं आहे की हे पुस्तक."

हरवलेली पानं हरवलेलीच राहिली. त्रिग्वे स्कीवरून शेजाऱ्यांकडे जाऊन आला, पण त्यांच्याकडे दुसराच खून होता. म्हणून मी निरीक्षकाचा हात प्लॅस्टरमध्येच ठेवून पुढे निघालो. शुक्रवारची उरलेली दुपार आणि शनिवारची सकाळ मी वाचत होतो, मध्ये कॉफी, मध्ये वॅफल. पुठ्ठ्याचीही गरज लागली नाही. माझा आवाज स्वच्छ होता, मी विधवेसाठी वेगळा आवाज काढत होतो, सिग्ने माझ्याकडे लग्नानंतर पहिल्यांदाच अशा नजरेने बघत होती. आणि चौथ्या भागाच्या मध्यावर कुठेतरी माझ्या लक्षात आलं की मी ऐकत नाहीये.

तोंड वाचत होतं. तोंड उत्तम वाचत होतं, स्वल्पविरामाला थांबत होतं. मी मात्र लाकडांच्या छपराच्या बिजागरीपाशी होतो. परत ओळीच्या सुरुवातीला जायची सोय नव्हती, चार माणसं ऐकत होती. मी स्वतःला खेचून आणायचो, एखादं वाक्य ऐकू यायचं, मग तोंड एकटंच पुढे निघून जायचं. मला ओरडावंसं वाटत होतं, पण तोंड कामात होतं.

शनिवारी मटण झालं आणि प्रत्येकाने खुनी जाहीर केला. त्रिग्वे म्हणाला, विधवा, कारण दोनदा दार उघडणारी बाई सरळ नसते. सिग्नेने बँकेतल्या भावाचं नाव घेतलं. सासरेबुवा म्हणाले, औषधांच्या दुकानवाला.

"पुस्तकात औषधांचं दुकान आहे?" सिग्नेने विचारलं.

"गाव आहे म्हणजे असणारच."

मी बोटवाल्याचं नाव घेतलं. कारण बोट मला आठवत होती.

मग आत्या सरसावून बसली. तिने बंदरावरच्या अधिकाऱ्याचं नाव घेतलं आणि रेनकोट, भरतीची वेळ, कुत्रा कुणावर भुंकतो आणि कुणावर भुंकत नाही, असं सगळं बोटांवर मांडून दाखवलं. इतकं चोख की वाद घालायला जागा नव्हती. सासरेबुवांनी डबा उघडला आणि आतलं प्रकरण माझ्या हातात दिलं. मी वाचलं. शेवटपर्यंत, एकदाही न अडखळता. वाचून झालं तेव्हा सगळे आत्याकडे बघत होते.

"शक्य नाही," त्रिग्वे म्हणाला.

"आत्या चुकली," सिग्ने म्हणाली, कुणी मेल्याचं सांगावं तशी.

आत्याचा चेहरा लाल झाला होता. "मी चुकले नाही. ह्याचा पुरावा त्या गेलेल्या पानांत असणार. त्या पानांतच त्याचा हात मोडला, तिथेच त्याने त्या माणसाला बघितलं. मला ती पानं दिली असती तर मी झोपेत सांगितलं असतं." तिने टेबलावर तळहात आपटला. "हे मी मान्य करत नाही. हा ईस्टर धरायचाच नाही."

"म्हणजे?" सासरेबुवा म्हणाले.

"म्हणजे काय म्हणजे. असं अर्धवट टाकून मी खाली जाणार नाही. पुढच्या वर्षी पुस्तक घेशील तेव्हा दुकानात उभं राहून पानं मोज. आणि ती घसरगाडी, तिच्यात एक उशी टाकायला सांग त्यांना."

सासरेबुवा उठले आणि पाठमोरे उभे राहून कॉफी ओतू लागले. कॉफी ओतायला लागतो त्यापेक्षा त्यांना बराच जास्त वेळ लागला. सिग्नेने माझा हात दाबला. मीही दाबला, पण माझं लक्ष नव्हतं. मी हातातल्या शेवटच्या पानाकडे बघत होतो. ते मी आत्ताच वाचलं होतं, वेगवेगळ्या आवाजांत.

मी कप घेण्याच्या निमित्ताने सासरेबुवांजवळ गेलो.

"बाबा," मी हळूच विचारलं, "मारलं कुणी?"

त्यांनी मागे वळून आत्याकडे एक नजर टाकली आणि माझ्या कपात कॉफी ओतली.

"मी तुम्हालाच विचारणार होतो," ते म्हणाले.